वुडचकचं काडतूस: कुरणातून रणांगणाकडे

आज आपण एका काडतुसाची वंशावळ बघू. तिची सुरुवात रणांगणावर नाही, अमेरिकेतल्या कुरणात होते.

तिथे पूर्वेकडच्या राज्यांत वुडचक नावाचा प्राणी बिळं करून राहतो. आपल्या घुशीचा थोरला भाऊ म्हणा. तो पिकं खातो, आणि त्याच्या बिळात जनावराचा पाय अडकून मोडेल, ही शेतकऱ्याची धास्ती. अशा उपद्रवी प्राण्यांना तिकडे ‘व्हर्मिंट’ म्हणतात. त्यांना मारायला काडतूस कोणतं घ्यायचं?

आपल्याला वाटेल, लहान प्राणी आहे, कुठलंही चालेल. पण तसं नाही. लक्ष्य वीतभर, अंतर दीडदोनशे यार्ड, आणि पलीकडे शेजाऱ्याचं घर, त्याच्या गाई. म्हणजे गोळी शक्य तितक्या सरळ रेषेत जायला हवी, आवाज बेताचा हवा, आणि नेम चुकला तर टप्पा खाऊन उसळण्याऐवजी गोळीचे जागीच तुकडे व्हायला हवेत. म्हणून ती हलकी, वेगवान आणि पातळ वेष्टणाची लागते.

१९२०च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रागारात टाउनसेंड व्हेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या दारूच्या जमान्यातली जुनी पुंगळी घेऊन, तीत धूरविरहित दारू भरून प्रयोग केले. त्यातून .२२ हॉर्नेट आलं. १९३०मध्ये विंचेस्टर कंपनीने ते बाजारात आणलं. आवाज कमी, पण पल्लाही कमी. मग १९३५मध्ये विंचेस्टरचंच .२२० स्विफ्ट आलं. साधारण तीन ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला ४,११० फूट! पण या वेगाची किंमत नळीला मोजावी लागे. भराभर गोळ्या झाडल्या की ती आतून झिजायची.

मधला मार्ग काढला रेमिंग्टनच्या माइक वॉकर यांनी, १९५०मध्ये. त्यांचं .२२२ रेमिंग्टन नळीला सोसणारं होतं, आणि इतकं अचूक की नेमबाजीच्या स्पर्धांतही त्याने जम बसवला.

इथे कथा वळण घेते. १९५०च्या दशकाअखेरीस अमेरिकी लष्कराला हलकी रायफल हवी होती. अट अशी की ५०० यार्डांवर गोळीने शिरस्त्राण भेदावं. .२२२ला ते झेपेना, म्हणून तिची पुंगळी लांबवली. तेच .२२३ रेमिंग्टन, लष्करी भाषेत ५.५६ मिमी. एम-१६ रायफलीबरोबर ते व्हिएतनामला गेलं.

पुंगळी गेली, पण शिकाऱ्याची गोळी जाऊ शकत नव्हती. शरीरात सहज पसरणाऱ्या गोळ्या १८९९च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात निषिद्ध ठरवल्या होत्या. कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून ‘दमदम’ हे नाव पडलं, त्याच त्या गोळ्या. कुरणात जो गुण, तोच रणांगणावर गुन्हा! म्हणून लष्कराने पूर्ण वेष्टणाची गोळी घेतली. तरी जवळच्या अंतरावर तीही शरीरात फुटते, हे पुढे दिसून आलं.

हा धागा आपल्यापर्यंतही येतो. पुण्याच्या एआरडीईने विकसित केलेली इन्सास रायफल ५.५६ मिमीचीच, आणि जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध निर्माणीत या मापाची काडतुसं बनतात.

तेव्हा काडतुसाची निवड म्हणजे नुसता ताकदीचा हिशेब नव्हे. गोळी कुठे थांबणार आणि पलीकडे कोण आहे, हे कुरणातल्या शिकाऱ्याला आधी बघावं लागत होतं. तेच काडतूस सैनिकाच्या हाती आलं तेव्हा प्रश्न तोच राहिला. फक्त पलीकडे आता माणूस होता.