प्रोपिलथायोयुरॅसिल : गरोदरपणातील यकृतविकार

अवटू ग्रंथीचा (थायरॉईडचा) अतिस्राव आवरण्यासाठी दिल्या जाणाऱ्या प्रोपिलथायोयुरॅसिल (पीटीयू) या औषधामुळे यकृताला क्वचित होणारी, पण जीवघेणी ठरू शकणारी इजा. थायरॉईड कमी असताना घ्यायच्या थायरॉक्सिनच्या गोळीशी तिचा संबंध नाही.

वापराचे कारण : अतिस्रावावरचे दुसरे औषध कार्बिमाझोल पहिल्या तिमाहीत घेतल्यास बाळात जन्मजात व्यंगे उद्भवू शकतात. डोक्याच्या त्वचेचा भाग तयार न होणे, नाकाचा मागील मार्ग बंद असणे ही त्यांपैकी काही. ६ ते १० आठवड्यांचा काळ विशेष नाजूक असतो. म्हणून औषध अटळच असेल, तर साधारण १६ व्या आठवड्यापर्यंत पीटीयू पसंत करतात. मळमळीच्या दिवसांत संप्रेरकांमुळे तात्पुरता वाढणारा थायरॉईड मात्र बहुधा औषधाविना उतरतो.

स्वरूप : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये गंभीर यकृतइजेच्या ३२ नोंदी जाहीर केल्या. त्यांतील २२ प्रौढांपैकी १२ दगावले, तर ५ जणांवर यकृत प्रत्यारोपण झाले. २०१० मध्ये औषधावर चौकटीतील इशारा आला. इजा बहुधा पहिल्या काही महिन्यांत होते. ती कोणाला होईल, हे आधी सांगता येत नाही आणि नियमित रक्ततपासणीनेही ती हमखास टळत नाही.

निदान : छत्तीसगड सीमेलगतच्या देवरीसारख्या (जि. गोंदिया) आदिवासीबहुल तालुक्यात गरोदर बाईला कावीळ झाली, की सिकलसेल, मलेरिया आणि दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई यांचा संशय आधी येतो. गरोदरपणातील पित्तरोध आणि चरबीयुक्त यकृतही विचारात घ्यावे लागतात. त्यामुळे चालू गोळ्यांची चौकशी मागे पडू शकते. बाईने गोळ्यांची पाकिटे सोबत नेली, तर औषधाचे नाव तिथल्या तिथे कळते. पुढे बिलिरुबिन, एसजीपीटी आणि रक्त गोठण्याची चाचणी करतात.

उपाय : डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, अंगाला खाज, उलट्या किंवा उजव्या कुशीत दुखणे यांपैकी काही आढळल्यास गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. झाडपाल्याच्या औषधात वेळ दवडू नये. असा त्रास नसेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये; अनियंत्रित अतिस्रावाने गर्भपात, अकाली प्रसूती आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.