मुठीत न मावणारं पिस्तूल

१४ डिसेंबर १९३१. पूर्व बंगालमधलं कोमिल्ला हे जिल्ह्याचं गाव. शांती घोष आणि सुनीती चौधरी या दोन शाळकरी मुली मॅजिस्ट्रेट स्टीव्हन्सच्या बंगल्यावर गेल्या. पोहण्याच्या स्पर्धेला परवानगी हवी, असा अर्ज त्यांच्या हातात होता. थंडीचे दिवस, त्यामुळे अंगावर शाली असण्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. शालींच्या आत रिव्हॉल्व्हर होती. अर्ज वाचून स्टीव्हन्स परत आला आणि दोघींनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. तो जागीच मेला.

शांती पंधरा वर्षांची होती, सुनीती चौदाची. सुनीतीबद्दल एक बारीक तपशील सांगितला जातो, आणि हा लेख लिहायचं कारण तोच आहे. तिचा हात इतका लहान होता की मूठ नीट धरली की तर्जनी चापापर्यंत पोचायचीच नाही. म्हणून मधल्या बोटानं चाप ओढायचा सराव तिनं केला. हत्यार बदलून मिळणार नव्हतं. मग बोट बदललं.

तोवर शेकडो वर्षं हातातली शस्त्रं बनत होती, पण ती कुणाच्या हाताच्या मापानं? भिवंडी ते कोल्हापूर, आपल्याकडच्या इतिहासात हा प्रश्न शोधायला गेलं की आधी पुरुषच भेटतात. १९०९च्या सुरुवातीला सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली. चतुर्भुज अमीन नावाच्या माणसाच्या पेटीला खोटा तळ करून त्यात ती दडवली होती. मुंबईत उतरलेल्या त्या ऐवजातलं एक पिस्तूल नाशिकला पोचलं आणि २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेनं कलेक्टर जॅक्सनवर ते चालवलं. १९ एप्रिल १९१०ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. भिवंडीहून खाडी ओलांडून ठाण्यात गेलात तर तो तुरुंग आजही उभा आहे.

ब्राउनिंग निवडण्यामागे विचार होता. जॉन ब्राउनिंग हा अमेरिकी कारागीर आणि बेल्जियममधला एर्स्टालचा कारखाना, या जोडीनं १९००च्या सुमारास चपटं, खिशात मावणारं पिस्तूल बाजारात आणलं. त्याआधीचं रिव्हॉल्व्हर म्हणजे मध्ये फुगलेलं चक्र आणि जाड मूठ; कोटाखाली लपवलं तरी फुगवटा दिसायचा. ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजेच आपल्याकडे .३२ म्हणतात ते काडतूस बारीक, त्यामुळे धक्का कमी आणि मूठही अरुंद. लपवणं सोपं झालं ते असं. पण लपवायचं कुठे, तर कोटाच्या खिशात. बायकांच्या कपड्यांना खिसाच नव्हता.

हा मुद्दा गमतीचा वाटतो, पण नाही. आपल्या आज्या पैसे कनवटीला खोचत, तंबाखू चंचीत ठेवत. अर्धा किलोचं लोखंड कनवटीला राहत नाही. बंगालच्या मुलींनी शाल वापरली. ६ फेब्रुवारी १९३२ला कोलकाता विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात बीना दासनं गव्हर्नर स्टॅन्ले जॅक्सनवर पाच गोळ्या झाडल्या आणि पाचही हुकल्या, तेव्हा तिच्या अंगावर पदवीचा झगा होता. हा जॅक्सन इंग्लंडचा जुना क्रिकेट कप्तान. त्यानं चेंडू चुकवल्यासारखं अंग वळवलं, असं लोक पुढे हसून सांगत. मला त्यात बीनाचं अपयश दिसत नाही. जेमतेम हाताळलेलं रिव्हॉल्व्हर, गर्दी, आणि घोडा आधी मागे न ओढता नुसता चाप दाबला तर लागणारा लांबलचक जोर. अशा वेळी नळी खाली किंवा बाजूला सरकते. चांगल्या दणकट हातांचंही तसंच होतं.

मुंबईचा प्रसंग त्याआधीचा आहे. ७ ऑक्टोबर १९३०ला भगतसिंगांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. त्याच आठवड्यात रात्रीच्या वेळी लॅमिंग्टन रोडच्या पोलीस ठाण्यापाशी मोटारीतून गोळ्या सुटल्या आणि सार्जंट टेलर व त्याची बायको जखमी झाले. मोटारीत दुर्गादेवी व्होरा, म्हणजे दुर्गाभाभी, होत्या. वय तेवीस. रावीच्या काठी बाँबची चाचणी घेताना त्यांचे पती भगवतीचरण गेले, त्याला जेमतेम चार महिने झाले होते. टेलरची बायकोही जखमी झाली, ही गोष्ट आपण ते शौर्य सांगताना पटकन ओलांडून जातो. ओलांडू नये.

स्वातंत्र्यानंतर गोष्ट कागदावर आली. १८७८चा लिटनच्या काळचा शस्त्र कायदा जाऊन १९५९चा आला. लष्करी ९ मिलिमीटरसारखी मापं सामान्य माणसाला बंद. १९८०च्या दशकात खासगी आयातही थांबली. मग उरलं काय? .३२. सरकारी कारखान्यात बनणारं .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या इंग्रजी वेब्लीच्या घाटणीवर बेतलेलं होतं, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. म्हणजे बाईनं हत्यार घ्यायचं ठरवलं तरी दुकानात तिच्यापुढे यायचं ते बर्मिंगहॅमच्या एका साहेबाच्या पंजासाठी आखलेलं. लहान हाताला यात दोन अडचणी असतात. मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचं अंतर जास्त, म्हणून बोटाचं टोकच कसंबसं टेकतं. आणि टोकानं ओढायचं तर जोर कमी पडतो, मग मनगट वाकडं करून पकड बदलावी लागते आणि धक्का तळव्यात न मुरता अंगठ्यावर येतो.

दिल्लीत डिसेंबर २०१२मध्ये जे घडलं त्यानंतर, जानेवारी २०१४मध्ये, कानपूरच्या सरकारी कारखान्यानं ‘निर्भीक’ आणलं. .३२चंच, सहा गोळ्यांचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे सुमारे पाचशे ग्रॅमचं. खास बायकांसाठी, असं जाहीर झालं. किंमत सव्वा लाखाच्या घरात. आणि ते मिळायचं दागिन्यांच्या पेटीसारख्या लालसर पेटीत! ती पेटी ज्यानं सुचवली त्याला एकदा भेटायला आवडेल. धातू हलका केला म्हणून पर्समधलं ओझं कमी झालं हे खरं, पण तेच काडतूस हलक्या हत्यारातून उडालं की हाताला धक्का जास्त बसतो. वजन घटवणं आणि हात ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या वर्षाच्या आसपास ईशापूरच्या कारखान्यानं .२२चं, आणखी हलकं ‘निडर’ काढलं, तेव्हा धक्क्याचा हिशेब थोडा सुधारला.

पण भिवंडीतल्या बाईसाठी मूठ हा फार पुढचा प्रश्न. यंत्रमागाच्या शेडमधून किंवा गोदामातल्या पाळीवरून रात्री परतणाऱ्या बाईला आधी ठाण्याच्या पोलीस आयुक्तालयात अर्ज द्यावा लागेल. वय किमान एकवीस, जिवाला धोका कुणाकडून आणि कसा याचं कारण, पोलीस चौकशी, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण. २०१६च्या नियमांनुसार पिस्तूल बाहेर न्यायचं ते होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, पूर्ण झाकून. हे नियम असावेतच, असं माझं मत आहे. दंगलींचा इतिहास असलेल्या या गावात प्रत्येक पर्समध्ये काडतुसं असावीत, असं म्हणणाऱ्यानं १९७० आणि १९८४ आठवून बघावं. तरीही ‘तुम्हीच तुमचं रक्षण करा’ असं सुचवत सव्वा लाखाचं हत्यार पुढे ठेवणाऱ्या सरकारला, त्या पाळीवरच्या बाईकडे एवढे पैसे येणार कुठून, हे कुणी विचारलं नाही. रस्त्यावरचा दिवा आणि शेवटची बस यांची किंमत त्याच रकमेत मोजून बघता आली असती.

हाताचं माप खरोखर घेतलं जातं ते वेगळ्याच ठिकाणी. कोल्हापूरची राही सरनोबत २०१३मध्ये चांगवॉनच्या विश्वचषकात २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकली. पिस्तुलात असं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय. २०१८च्या आशियाई स्पर्धेत तिनं पुन्हा सुवर्ण घेतलं. या खेळातल्या .२२ पिस्तुलाची मूठ लाकडाची असते आणि ती नेमबाजाच्या तळव्याप्रमाणे निवडतात, कानशीनं घासतात, कुठे कमी पडली तर लांबी भरून घेतात, अंगठ्याला खाच ठेवतात. बोट चापावर नेमकं कुठे टेकेल हे मिलिमीटरनं ठरतं. सुनीती चौधरी १९३९मध्ये तुरुंगातून सुटली, पुढे डॉक्टर झाली. तिच्या हातात मग स्टेथोस्कोप आला, आणि तो कुठल्याही हाताला चालतो.