सीटखालच्या तीन स्प्रिंगा

बेळगावच्या किर्लोस्कर रोडवरून आपण सगळेच कधी ना कधी गेलेलो असतो. पण या नावामागे नांगर नाही, पंपही नाही, एक सायकलचं दुकान आहे, हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. मुंबईत सायकली घ्यायच्या, बेळगावला पाठवायच्या आणि इथे बंधू रामुअण्णांनी त्या विकायच्या, असा धंदा. एका सायकलीची किंमत ७०० ते १००० रुपये. चालवायला शिकायचं असेल तर वर १५ रुपये! त्या काळात एवढ्या पैशांत काय काय आलं असतं याचा हिशोब तुम्हीच करा. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ पासून धरतो.

योगायोग बघा, याच १८८८ साली तिकडे बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरानं हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. आज लिहायचं आहे ते या दोन गोष्टींच्या मधल्या एका छोट्या वस्तूबद्दल. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीच्या सीटखालच्या स्प्रिंगांबद्दल. टायरमध्ये हवा आली तरी त्या का राहिल्या, हँडलला मात्र का कधीच मिळाल्या नाहीत, आणि त्या नक्की कुणासाठी होत्या?

सायकल जन्माला आली तीच हादरे घेऊन. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये मिशो यांनी पुढच्या चाकाला पायडल लावून गाडी केली. चाकं लाकडी, त्यांवर लोखंडी धाव, अगदी आपल्या बैलगाडीसारखी. खाली दगडी फरशीचे रस्ते. इंग्रजांनी तिचं नावच हाडं खिळखिळी करणारी असं ठेवलं. त्यावर पहिला उपाय सीटखाली झाला. सीट सरळ सांगाड्यावर न ठेवता एका लांब पोलादी पट्टीवर बसवली. पट्टी वाकायची आणि बसणाऱ्याला थोडा आराम मिळायचा. हातांना मात्र काही नाही.

मग आली ती उंच चाकाची सायकल, जुन्या चित्रांत दिसते ती. पुढचं चाक पुरुषभर, मागचं एवढंसं. मोठ्या चाकाचा एक फायदा असतो, लहान खड्डा ते सहज ओलांडून जातं. आपल्या बैलगाडीची चाकं मोठी का, याचं एक उत्तर इथेच आहे. तोटा एवढाच, की दगड आडवा आला की माणूस हँडलवरून थेट तोंडावर.

१८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्लीनं रोव्हर सायकल बाजारात आणली. दोन्ही चाकं जवळपास सारखी, साखळीनं मागचं चाक फिरवायचं. आजची आपली सायकल तीच. पडायची भीती गेली, पण चाकं लहान झाल्यानं हादरे वाढले. टायर अजून भरीव रबराचेच होते. त्यामुळे पुढची काही वर्षं इंग्लंडातल्या कारखानदारांना एकच वेड लागलं होतं, हादरा मारायचा कसा? कुणी पुढच्या चिमट्याला स्प्रिंग लावली, कुणी सांगाड्यात.

त्यातली सगळ्यात डोकेबाज गाडी म्हणजे लंडनच्या लिनली अँड बिग्ज यांची व्हिपेट, १८८५ ची. त्यांनी विचार असा केला, की सायकलवर माणूस तीन ठिकाणी टेकलेला असतो. बूड सीटवर, हात हँडलवर, पाय पायडलवर. नुसती सीटच खालीवर हलली, तर सीट आणि पायडल यांतलं अंतर सारखं बदलणार. पाय कधी आखडणार, कधी ताणणार. म्हणून त्यांनी या तिन्ही जागा एकमेकींना पक्क्या जोडल्या आणि तो अख्खा त्रिकोण स्प्रिंगवर टांगला. चाकं आणि बाहेरचा सांगाडा खाली उड्या मारोत, माणसाचं आसन जसंच्या तसं. सीट आणि हँडल दोन्हींना एकाच स्प्रिंगेनं वाचवायचं, ही कल्पना आज वाचतानासुद्धा थक्क करते.

पण तीनच वर्षांत डनलॉपचं पेटंट आलं. मुलाच्या तीनचाकीला त्यानं रबरी नळी गुंडाळून हवा भरली होती. १८८९ मध्ये विली ह्यूम नावाचा गडी हे टायर लावून बेलफास्टच्या शर्यतीत उतरला आणि जिंकला. लोकांना वाटलं होतं हवेचे टायर म्हणजे आरामाची सोय, निघाले ते वेगाचे. कारण सोपं आहे. सीटखालची स्प्रिंग काम करते तोपर्यंत धक्का चाकातून, सांगाड्यातून वर आलेला असतो. हवा मात्र खडा जिथे लागतो तिथेच त्याला पोटात घेते. गाडी उचलली जात नाही, म्हणून जोर वाया जात नाही. काही वर्षांतच व्हिपेटसारख्या स्प्रिंगच्या गाड्या मागे पडल्या. हवेपेक्षा स्वस्त आणि हलकी स्प्रिंग कुठून आणणार?

तरी एक जागा सुटली नाही. ती म्हणजे सीट.

बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स यांचा धंदा मूळचा चामड्याचा, घोड्यांच्या साजाचा. कंपनी सांगते ती गोष्ट अशी, की त्यांचा घोडा मेला, ते उसनी सायकल घेऊन कामावर जायला लागले आणि सीटनं त्यांचे हाल केले. १८८२ मध्ये त्यांनी सीटचं पहिलं पेटंट घेतलं. ब्रुक्सची सीट म्हणजे पुढच्या टोकापासून मागच्या पट्टीपर्यंत ताणलेलं जाड चामडं. आत गादी नाही, काही नाही. चामडं स्वतःच झोळीसारखं लवतं, आणि खाली स्प्रिंगा. चोचीखाली एक नट असतो. चामडं सैल पडलं की पान्ह्यानं तो आवळायचा. डेन्मार्कच्या मिकाएल पेडरसन यांनी तर खरोखरच दोऱ्यांची विणलेली झोळी टांगली आणि तिच्यासाठी वेगळा सांगाडा रचला. १८९३ च्या पेटंटची ही सायकल इंग्लंडमध्ये डर्सली गावी तयार व्हायची.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्याआधी रॅले, हर्क्युलिस, बीएसए, फिलिप्स या विलायती गाड्या होत्या. मग १९४९ मध्ये मद्रासला टीआय सायकल्स, १९५१ मध्ये सोनिपतला अॅटलस, १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो. नावं बदलली, साचा तोच राहिला, इंग्लंडची काळी रोडस्टर. २८ इंची चाकं, दीड इंची जाड टायर, सळईचे ब्रेक, आणि चामड्याच्या सीटखाली मागे दोन उभ्या स्प्रिंगा, पुढे एक वेटोळं. बेळगाव असो, इंदूर, बडोदे की हैदराबाद, आपल्या घरांच्या ओट्यापाशी उभी असायची ती हीच.

या गाडीवर माणूस ताठ बसतो, जवळजवळ खुर्चीत बसल्यासारखा. म्हणजे बरंचसं वजन बुडावर, हातावर फार थोडं. मग स्प्रिंग कुठे हवी? सीटखाली. हँडलला तिची गरजच उरत नाही. शिवाय पुढचा चिमटा लांब, पुढे वाकलेला आणि पोलादी, तो स्वतःच थोडा लवतो. हातासाठी हँडलच्या मुठीचं रबर पुरतं. व्हिपेटवाल्यांचा आक्षेप, सीट हलली की पायाचं अंतर बदलतं, तो इथेही खराच. पण कचेरीला किंवा शाळेला जाणारा माणूस शर्यत लावत नसतो. सावकाश चालणाऱ्याला ते अंतर बोटभर बदललं तर कळतही नाही.

उलट वाकून चालवायची गाडी असेल तर वजन हातांवर येतं आणि मनगटं बोलायला लागतात. म्हणूनच शंभर वर्षांनी, डोंगरात सायकली हाकायचं वेड अमेरिकेत आलं तेव्हा हँडलचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९८० च्या दशकाच्या शेवटी गर्विन यांचा फ्लेक्सस्टेम आला. हँडल धरणाऱ्या दांडीला बिजागरी आणि तिच्यात रबरासारखा ठोकळा. त्याच सुमारास रॉकशॉक्सचा हवा-तेलाचा चिमटा आला. १९९२ आणि १९९३ मध्ये जिल्बेर द्युक्लो-लासाल यांनी दगडी रस्त्यांची पॅरिस-रुबे शर्यत असाच चिमटा लावून जिंकली. १९६२ मध्ये अॅलेक्स मोल्टन यांनी लहान चाकांच्या सायकलीला रबराची स्प्रिंग लावली होती, त्याचंही कारण तेच जुनं, चाक लहान तर हादरा मोठा. थोडक्यात, नवीन काही नाही. माणूस कसा बसतो आणि रस्ता कसा आहे, यावर स्प्रिंगेची जागा ठरते.

आपल्या लोकांनी ही सीट सांभाळली मात्र मनापासून. चामड्याला तेलाचा हात, पावसात प्लॅस्टिकची पिशवी, सणाला गोंड्यांचं कव्हर. स्प्रिंग कुरकुरायला लागली की दोन थेंब तेल. घरातल्या माणसाची सायकल गल्लीच्या तोंडाशी आली की त्या कुरकुरीवरून ओळखू यायची, आणि पोरं पुस्तकं उघडून बसायची.

पण शेवटचा प्रश्न राहिलाच. त्या स्प्रिंगा कुणासाठी होत्या? फक्त चालवणाऱ्यासाठी. दांड्यावर छोटी सीट ठोकून बसवलेलं पोर, मागे कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून, पदर सावरत बसलेली आई, यांच्याखाली काय होतं? पोलादी नळी आणि पोलादी सळया. त्यातून कॅरियर मागच्या चाकाच्या बरोबर वर, जिथे हादरा सगळ्यात जास्त. सीट मागच्या चाकाच्या आसापेक्षा थोडी पुढे असते म्हणून तिला तो कमी जाणवतो. म्हणजे ज्या जागेला स्प्रिंग सगळ्यात गरजेची तिथेच ती नव्हती. कारखान्याच्या लेखी कॅरियर सामानासाठी होता. आपल्या घरांत त्यावर माणसं बसली. दवाखान्यात निघालेली गरोदर बाई बसली, परीक्षेला निघालेली मुलगी बसली, थकलेली आजी बसली. त्यांच्या वाट्याला आला तो चौघडी केलेला टॉवेल नाहीतर गोणपाट. हा शोध कुठल्या पेटंटात सापडणार नाही. तो आपल्या बायकांनी लावला.

माळ्यावर, मागच्या अंगणात अशी एखादी सायकल अजून पडून असेल तर भंगारात देण्याआधी सीट नीट बघा. चामडं फाटलं नसेल तर ते पुसून, तेल लावून, नट आवळून पुन्हा बसण्याजोगं होतं. नट मात्र एका वेळी थोडाच फिरवा, जास्त ताणलं तर चामडं तुटतं. आणि टायरमध्ये हवा आधी भरा. पहिली स्प्रिंग तीच.

आणि हो, सायकलीसोबतचा जुना फोटो कुणाकडे असेल तर इथे टाका. हँडल धरून ऐटीत उभे असलेले आजोबा बहुतेक फोटोंत असतातच. कॅरियरवर कोण बसायचं, तेही नावासकट लिहा.