शटर कुणी ओढायचं? तारेपासून रीलपर्यंत

इअरफोन लावलेत ना? मग आज फोनबद्दलच बोलू.

आपलं दौंड जंक्शन. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. रेल्वेच्या जोडीला असायची तार. पण गावात तार आली म्हटलं की पोटात गोळाच यायचा. वाचायच्या आधीच घरात रडारड सुरू! तरी एक बरं होतं, तार रोज येत नव्हती.

मग आले पिवळे एसटीडी बूथ. शिरूर असो की दौंड, लोक मीटरवर डोळा ठेवून बोलायचे. रात्री बूथवाला शटर ओढायचा आणि बोलणं संपायचं.

१५ ऑगस्ट १९९५ ला भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकट मिळाला आणि शटर कायमचं उघडंच राहिलं.

आता मुद्द्याचं. याने माणूस सुखी झाला का? अमेरिकेत रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधल्या ७३ कुटुंबांतली १६९ माणसं तपासली. १९९८ चा निष्कर्ष असा: नेट जास्त वापरणाऱ्यांचा एकटेपणा थोडा वाढला. पण गंमत बघा, त्याच लोकांकडे पुन्हा पाहिलं, तेव्हा तो परिणाम बराचसा ओसरला होता. २००२ च्या लेखात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली. ज्यांना आधीपासून जिवाभावाची माणसं होती, त्यांना नेटचा फायदा झाला. एकलकोंड्यांना उलट त्रासच.

हे आपल्याकडेही पटतं. रांजणगाव किंवा कुरकुंभ एमआयडीसीत कामाला आलेला पोरगा शिफ्ट सुटल्यावर आईला व्हिडिओ कॉल करतो. ते सुखच की! पण कॉल ठेवून तोच पोरगा रात्री एकपर्यंत दुसऱ्यांच्या गाड्या, लग्नं, ट्रिपा बघत पडतो, तेव्हा खोलीत शेजारी झोपलेल्या मित्राशी बोलायचं राहून जातं.

यावर सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये साधा उपाय काढला. संध्याकाळी सातला भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना. साडेआठला दुसरा भोंगा. फोन कुणी फेकून दिला नाही, फक्त गावाने मिळून शटर ओढलं.

आपल्या गावात भोंगा नसेल. पण रूमवर चार जण असाल, तर जेवताना चारही फोन एका कोपऱ्यात ठेवून बघा. आजपासूनच.

हा भाग संपला. आता इअरफोन काढा, शेजारी कोण बसलंय बघा. भेटूच!