रेतीवरची लाल साय

आदिलाबादच्या माणसाला समुद्र पाहायचा तर नकाशाच उघडावा लागतो. पूर्वेचा घ्या की पश्चिमेचा, दोन्ही शेकडो मैल दूर. असे असूनही गेल्या दोन वर्षांपासून आमच्या भाच्याच्या बैठकीत चार फुटांचा एक समुद्र नांदतो आहे. काचेची पेटी, तळाला दोन बोटे पांढरी रेती, सच्छिद्र दगडांचा एक ढीग आणि त्यात नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांची माशांची जोडी. मीठ पाकिटातून येते. पाकीट फोडायचे, मोजून पाण्यात विरघळवायचे, की झाला समुद्र! समुद्रही किराणा दुकानासारखा तोलून मिळावा, याचे मला प्रथम हसू आले होते.

गेल्या पावसाळ्यात एके सकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, रेतीवर काहीतरी लाल चढलं जी. रक्तावानी दिसते.” मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, माशांचे मला काय कळणार? पण घरात वडीलधारा मीच, तेव्हा गेलो. पाहतो तो रेतीवर दुधावरच्या सायीसारखा एक पातळ, किरमिजी पडदा पसरलेला. जागोजागी त्याच्याखाली हवेचे बारीक बुडबुडे अडकलेले. भाच्याने हाताने एक पदर ओढला, तर अख्खी साय ओल्या कापडासारखी उचलून आली. संध्याकाळपर्यंत जागा स्वच्छ दिसली. तिसऱ्या दिवशी पुन्हा लाल.

“शेवाळ आहे, दुसरं काय!” मी सांगून मोकळा झालो. माझी पहिली चूक तिथे झाली.

तिला शेवाळ म्हणणारा मी काही पहिला नव्हे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एहरेनबर्ग 1823 साली तांबड्या समुद्राच्या काठी तोर या गावी होता. तिथे त्याने पाणी रक्तवर्ण झालेले पाहिले आणि त्यातल्या तंतूंना 1830 मध्ये नाव दिले. त्यांची गणना पुढे शेवाळातच होत राहिली. तांबड्या समुद्राचे नाव यावरूनच पडले असावे असे म्हणणारे विद्वानही आहेत. मी त्या भानगडीत पडत नाही. याच तंतूंचे तवंग गोव्याच्या किनाऱ्यासमोर उन्हाळ्याच्या सुमारास उठतात आणि पणजीजवळच्या समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 1970 च्या दशकापासून त्यांवर लिहिलेले आहे. म्हणजे भाच्याच्या बैठकीतले संकट अगदीच परके नव्हते.

फर्डिनांड कोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला मात्र 1870 च्या दशकातच शंका आली होती, की ही मंडळी शेवाळापेक्षा जीवाणूंना जवळची आहेत. त्याचे कोणी फारसे मनावर घेतले नाही. पुढे 1962 साली स्टॅनियर आणि व्हान नील यांनी जीवाणू म्हणजे काय याची नवी व्याख्या मांडली. या जीवांच्या पेशीत वेगळे केंद्रकच नाही, मग ते शेवाळ कसले? झाले! शतकभर वनस्पतींच्या दप्तरात असलेले हे खाते जीवाणूंच्या दप्तरात गेले. आम्हा सीमेवरच्या लोकांना हा प्रकार ओळखीचा आहे. 1956 साली राज्यांच्या रेषा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा किनवट आणि राजुरा पलीकडे गेले, आम्ही अलीकडे राहिलो. पैनगंगेचे पाणी तेच, बोली तीच. बदलला तो दप्तरातला रकाना. पण रकाना बदलला की पुढचा कारभार बदलतो, हे आमच्याइतके कोणाला ठाऊक?

इथेही तसेच झाले. शेवाळ म्हटले तोवर माणसे खरवडत होती, गोगलगायी सोडत होती. जीवाणू म्हटल्याबरोबर हात औषधाकडे गेला. फिलिपाइन्समधल्या आगिलार नावाच्या डॉक्टराने 1949 मध्ये मातीचा एक नमुना अमेरिकेतल्या औषध कंपनीला पाठवला आणि त्यातून 1952 साली एरिथ्रोमायसिन बाजारात आले. माणसाच्या घशासाठी, छातीसाठी आलेले हे औषध खाऱ्या पाण्याच्या शौकिनांनी लाल साय मारायला वापरले. ज्या देशाभोवती जगातले सर्वांत संपन्न प्रवाळ पसरले आहेत, त्याच देशाच्या मातीतले औषध काचेतल्या प्रवाळांवर टाकायचे! इतिहासाला कधीकधी अशी लहर येते.

भाच्यालाही कोणीतरी तोच सल्ला दिला. त्याने गोळ्या कुटून टाकल्या. लाल रंग दोन दिवसांत गेला, घरात आनंदीआनंद. तिसऱ्या दिवशी पहाटे जोडीतला मोठा मासा तळाशी आडवा पडलेला. माझी सात वर्षांची नात तेव्हा तिकडेच मुक्कामाला होती. ती दिवसभर जेवली नाही. आता कारण कळते. एवढी सगळी साय एकदम मेली म्हणजे ती कुजणार. कुजताना पाण्यातला प्राणवायू खाणार. त्यातच रात्र, उजेड नाही, हवेचा पंप लहान. शिवाय रेतीत आणि दगडांत माशांची घाण पचवणारे जे उपकारक जीवाणू राहतात, त्यांनाही औषधाचा धक्का बसू शकतो. आणि महिन्याभरात लाल साय परत आलीच.

मग मी माझ्या सवयीप्रमाणे मागे गेलो. या काचेच्या समुद्राचा आरंभ कुठे, ते शोधू लागलो. इंग्लंडात काचेवरचा कर 1845 साली उठला, काच स्वस्त झाली. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. पाण्यात सोनमासे ठेवले, पाणवनस्पती लावल्या. थोड्या दिवसांत पाने कुजली, बुळबुळीत थर धरला, पाणी गढूळ झाले. त्याने विष ओतले नाही. कुजलेले खाणाऱ्या गोगलगायी सोडल्या. पाणी निवळले. म्हणजे मत्स्यालयाच्या जन्मकथेतच हा बुळबुळीत थर आहे! पुढे 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात फिलिप गॉसच्या मदतीने पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले आणि दुसऱ्या वर्षी त्याच गॉसने क्षार मोजून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती छापली. आमच्या भाच्याच्या पाकिटाचा मूळ पुरुष तो.

आमच्या पिढीचे मत्स्यालय म्हणजे मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला, 1951 साली उघडलेले. मनमाडला गाडी बदलून वडिलांबरोबर मी लहानपणी तिथे गेलो होतो. मासे आठवत नाहीत. काचेवर टेकलेले माझे कपाळ थंड झाले होते, ते आठवते. मुंबईकरांना समुद्र समोरच होता. समुद्राविना समुद्र करण्याचा हव्यास अलीकडचा. जाकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत दगड, समुद्राचे पाणी आणि नुसते हवेचे बुडबुडे यांवर प्रवाळ जगवून दाखवले. 1980 च्या दशकात मोनाकोच्या जोबेर यांनी तळाशी पोकळी ठेवून वर जाड रेतीचा थर दिला. त्या थराच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, जीवाणूंनी नायट्रेटचा निकाल लावावा ही कल्पना. या दोघांनीही जीवाणूला घरात कामाला ठेवले. (जाता जाता एक सांगतो: आपल्या देशात 2001 पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. समुद्रातून तोडून आणलेले पोवळे घरात ठेवणे हा गुन्हा आहे. भाच्याकडे नुसते दगड आहेत.)

मी वहीत भाच्याच्या पेटीचा जमाखर्च मांडला. अन्न दिवसातून तीनदा, चिमूटभर नव्हे, मूठभर. वाफ होऊन कमी झालेले पाणी भरायचे ते अंगणातल्या बोअरचे. आणि घराच्या मागच्या बाजूला कापसाची शेते, त्यांत डी.ए.पी. नि युरिया. रात्री अकरापर्यंत दिवे. पंप एका कोपऱ्यात, त्यामुळे रेतीवर पाणी जवळजवळ निश्चल. फॉस्फेट, उजेड आणि साचलेले पाणी. लाल सायीला आपण आमंत्रणपत्रिका छापून वाटल्या होत्या! आणि नायट्रेट संपले तरी या कुळातल्या काहींचे अडत नाही. ते विरघळलेल्या नत्रवायूतून आपले खत आपणच बनवतात. भाताच्या खाचरांत हेच काम हे कूळ करते, हे डे या भारतीय शास्त्रज्ञाने 1939 साली दाखवले. लोणारच्या सरोवराचे पाणी हिरवे दिसते तेही याच्याच भाऊबंदांमुळे. (2020 साली ते गुलाबी झाले, तो मात्र वेगळ्याच सूक्ष्मजीवांचा पराक्रम.)

उपाय मग साधेच निघाले. बारीक नळीने साय ओढून बाहेर काढायची, पाण्यात ढवळून पसरवायची नाही. बोअरचे पाणी बंद, गाळून शुद्ध केलेले पाणी सुरू. अन्न एकवेळ. दुसरा पंप, झोत रेतीवरून जाईल असा. दिवे आठ तास. एकदा तीन दिवस पेटीवर चादर टाकून अंधार केला, तोही हवेचा पंप चालू ठेवून. दोन महिने लागले.

त्या दोन महिन्यांत मला एक गोष्ट छळत राहिली. आदिलाबादभोवती जो चुनखडीचा दगड आहे, ज्याच्या भरवशावर इथे सिमेंटचा कारखाना आला आणि मग वर्षानुवर्षे बंद पडून राहिला, तो दगड समुद्रातच साचलेला. तेव्हा जगात प्रवाळ नव्हते, मासे नव्हते. त्या पाण्यात वस्ती होती ती सूक्ष्म जीवांचीच. हवेत प्राणवायू साठू लागला तो साधारण 240 कोटी वर्षांपूर्वी, तोही या कुळाच्या श्वासातून. सायीखाली अडकलेले ते बुडबुडे प्राणवायूचेच होते आणि आमचा मासा मेला तो प्राणवायूवाचून.

आता दर रविवारी भाचा नळी घेऊन बसतो. दगडामागच्या कोपऱ्यात तळहाताएवढा लाल डाग अजून आहे. त्याला हात लावायचा नाही, असे नातीने बजावून ठेवले आहे. सुटीत आली की सकाळी दहाच्या सुमारास ती तिथे बसते आणि त्यातून सुटणारे बुडबुडे मोजते. परवा सदतीस झाले.