एका घराला किती विद्या लागतात?

स्मरणिकेची कामे वाटली जात होती तेव्हा माझ्या वाट्याला 'काहीतरी ऐतिहासिक' आले. शाळेत इतिहासात मला किती गुण पडायचे हे आठवणारे निदान चार जण तरी आपल्या ग्रुपवर आहेत, त्यामुळे हा विनोद होता की शिक्षा, हे अजून कळलेले नाही. पण त्याच आठवड्यात आपल्या बॅचमधल्या एका मैत्रिणीच्या लेकीचा फोन आला आणि विषय आपोआप मिळाला.

तिचे बी.आर्क. संपत आले आहे. परदेशात आर्किटेक्चर आणि नगररचना अशा दोन पदव्युत्तर पदव्या एकदमच करता येतात, तिथे अर्ज करू का, असे तिला विचारायचे होते. "मावशी, आई म्हणते एक काय ते धड कर. बाबा म्हणतात कर्ज एकाच पदवीपुरतं झेपेल. तू सांग." मी कॉम्प्युटर इंजिनिअर. या बाबतीत माझा अधिकार एवढाच, की मला आर्किटेक्ट व्हायचे होते आणि मी झाले नाही. तिच्याकडे दोन दिवस मागून घेतले. त्याचे पुढे दोन महिने झाले.

सुरुवात आपल्या गावापासूनच करते. सातवीत असताना आपण सायकलींवर फराहबागेत गेलो होतो. कोरड्या तळ्याच्या मधोमध तो अष्टकोनी महाल, आत वटवाघळांचा वास, आणि बाहेर चित्रकलेचे सर सगळ्यांना ओळीत बसवून कमानी काढायला लावत होते. माझी कमान वाकडी आली. सर म्हणाले, "कमानीकडे बघू नकोस, तिच्यावर काय बसलंय ते बघ, मग नीट येईल." आर्किटेक्चरचा मला मिळालेला पहिला आणि शेवटचा धडा तो.

ती वास्तू मुर्तझा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुरी झाली. आधी बांधलेला महाल पसंत पडला नाही म्हणून पाडून पुन्हा बांधला, अशी हकीकत सांगतात. पण खरी मौज महालात नाही, पाण्यात आहे. तळे भरायला पाणी दुरून आणलेले होते. अख्ख्या शहरालाच तेव्हा कापूरवाडी, शेंडी अशा बाजूंनी भाजक्या मातीच्या नळांतून, नुसत्या उताराच्या जोरावर पाणी येत असे. आपण ज्यांना खापरी नळ म्हणतो ते हेच. इमारत, बाग, तळे आणि नळ यांचा विचार एकत्रच झाला असला पाहिजे, नाहीतर तळ्यातला महाल ही कल्पनाच सुचणार नाही. हा वास्तुविशारद, तो जलतज्ज्ञ, तो उद्यानतज्ज्ञ, अशा वेगळ्या पाट्या तेव्हा नव्हत्या.

पाट्या आल्या त्या इंग्रजी अमलात. पुण्याला 1854 साली इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला तो सरकारी बांधकामासाठी हाताखालची माणसे तयार करायला. त्यातून पुढे आजचे सीओईपी झाले. मुंबईला 1857 साली सर जे. जे. कलाशाळा निघाली आणि वास्तुकलेचे शिक्षण पुढे तिच्या पोटात, नक्षे काढणाऱ्यांच्या वर्गापासून सुरू झाले. म्हणजे घर उभे कसे राहील हे पुण्यात शिकायचे आणि ते दिसेल कसे हे मुंबईत. शहर कसे असावे हे शिकवायला कोणीच नव्हते. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा 1915 साली झाला, देशातला असा पहिलाच. पण ती विद्या शिकवणारे माणूस मुंबई विद्यापीठात आले ते 1919 साली. पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ, आणि इथे त्यांना अध्यासन दिले समाजशास्त्राचे. दिल्लीत नगररचनेची स्वतंत्र संस्था 1955 साली निघाली आणि चारच वर्षांत ती आर्किटेक्चरच्या विभागाशी जोडावी लागली. वेगळे करून पाहिले, भागले नाही.

आपल्या जिल्ह्याची गोष्ट याच्या पुढची. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि नगर, संगमनेर, कोपरगाव, प्रवरा परिसर, जिकडे साखर कारखाना तिकडे इंजिनिअरिंग कॉलेज असे दिवस आले. आपली बॅच बारावी झाली तोवर हे सगळे रुळले होते. आर्किटेक्चर म्हणजे पाच वर्षे, पुण्या-मुंबईचे हॉस्टेल, आणि नंतर नोकरी नक्की कुठे, हे वडिलांना कोणी सांगू शकले नाही. कॉम्प्युटरला चार वर्षे, घरून येऊन-जाऊन. त्यांनी कागदावर आकडे मांडून दाखवले आणि मी 'बरं' म्हणाले. आज माझ्या व्हिजिटिंग कार्डावर 'सोल्यूशन आर्किटेक्ट' असे छापलेले आहे. 1972 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी नसलेल्याने आर्किटेक्ट ही उपाधी लावणे गुन्हा आहे. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना अजून कोणी पकडलेले नाही.

या उसन्या उपाधीमागेही दोन पदव्यांचा एक माणूस आहे. आमच्या धंद्यात 'डिझाइन पॅटर्न' नावाची चीज आहे. 1994 सालचे त्यावरचे पुस्तक आमच्या पिढीने पाठ केले. ती कल्पना ज्याच्याकडून उचलली तो ख्रिस्तोफर अलेक्झांडर हा आर्किटेक्ट. केंब्रिजला गणित आणि आर्किटेक्चर असे दोन्ही शिकला, मग हार्वर्डला डॉक्टरेट. त्या अभ्यासासाठी तो गुजरातमधल्या बावरा गावी काही महिने राहिला. सहाशे वस्तीच्या खेड्याला काय काय लागते याची 141 कलमांची यादी करून त्याने ती गणिताने सोडवली, आणि 1964 च्या पुस्तकात छापली. विहिरीपासून सोयरिकीपर्यंत सगळे त्या यादीत आहे. दोन विद्या एका डोक्यात असल्या की असे काहीतरी होते, हे मला पटले ते इथे.

पण मैत्रिणीच्या लेकीला मी जी गोष्ट सांगितली ती अलेक्झांडरची नव्हे, वाशीची. आपल्यातले कितीतरी जण आज वाशी, नेरूळ, खारघरला राहतात, म्हणून इथे थोडी सविस्तर लिहिते.

1964 च्या सुमारास बृहन्मुंबईचा विकास आराखडा लोकांपुढे आला. मुंबई उत्तरेला लांबतच चालली होती. कचेऱ्या दक्षिण टोकाला, घरे उत्तरेला, मध्ये लोकल. तेव्हा तिघांनी मिळून एक वेगळाच प्रस्ताव मांडला. खाडीपलीकडे, पूर्वेला, नवे शहर वसवा. मुंबई सरळ रेषेत न वाढता बंदराभोवती गोल वाढू दे. 1965 च्या जूनमध्ये 'मार्ग' या त्रैमासिकाने अख्खा अंक या विषयाला दिला. तिघांतले चार्ल्स कोरिया आर्किटेक्ट, मिशिगन आणि एमआयटीत शिकलेले. शिरीष पटेल केंब्रिजचे सिव्हिल इंजिनिअर. आणि तिसऱ्या प्रवीणा मेहता.

कोरियांचे नाव सर्वांना ठाऊक असते, प्रवीणाबाईंचे कोणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. जे. जे.त शिकत असताना त्या स्वातंत्र्य चळवळीत पडल्या आणि शिक्षण अर्धवट राहिले. मग अमेरिकेला जाऊन शिकागोत त्यांनी आर्किटेक्चर केले आणि तिथेच नगरनियोजनही. चाळीस-पन्नासच्या दशकात, एका हिंदुस्थानी मुलीने, दोन विद्या. परत आल्यावर घरेही बांधली, कारखानेही, आणि झोपडपट्ट्यांचे प्रश्नही हाताळले. आर्किटेक्ट आणि इंजिनिअर यांच्यामध्ये दोन्हीकडची भाषा कळणारे कोणी बसलेले असले की बैठक किती वेगळी होते, हे मी माझ्या नोकरीत रोज पाहते. त्या तिघांच्या बैठका कशा होत असतील याची मी नुसती कल्पना करते.

सरकारने प्रस्ताव मानला. 1970 साली सिडको स्थापन झाली. पटेल आणि कोरिया तिथे काही वर्षे जबाबदारीच्या पदांवर होते. ठाण्याच्या खाडीवरचा पूल झाला. पण प्रस्तावाचा प्राण होता सरकारी कचेऱ्या पलीकडे नेण्यात, आणि नेमक्या त्याच काळात नरिमन पॉइंटला समुद्रात भराव घालून टोलेजंग इमारती उठू दिल्या गेल्या. मंत्रालय हलले नाही. वाशीपर्यंत लोकल पोचायला 1992 उजाडले.

दुसरी बाजू याहून जड आहे. या शहरासाठी सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन आणि ठाणे-रायगडमधली 95 गावे घेतली गेली. भातशेती, मिठागरे, मासेमारीवर जगणारी माणसे. मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला, जानेवारी 1984 मध्ये जासईच्या परिसरात गोळीबार होऊन पाच जण गेले, आणि त्यानंतर कुठे विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा देण्याची योजना आली. आर्किटेक्चर, इंजिनिअरिंग आणि नियोजन तिन्ही त्या टेबलावर होते. सातबारा वाचणारा कोणी नव्हता, असे माझे मत. जमिनीचे अर्थशास्त्र त्यांनी मांडले होते, ज्याची जमीन त्याचे नव्हे. आपल्या जिल्ह्यात मुळा धरणाखाली गेलेल्या गावांची मुले आपल्या वर्गात होती. त्यांना हे जास्त समजावून सांगायला नको.

आता नियमांचे. आपल्याकडे एका वेळी दोन पूर्णवेळ पदव्या घ्यायला एप्रिल 2022 पर्यंत मुभाच नव्हती. तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाने ती दिली. दोन्ही वर्गांच्या वेळा एकमेकांवर येऊ नयेत, किंवा एक पदवी दूरशिक्षणाने वा ऑनलाइन करावी, आणि पीएच.डी. यात धरू नये, अशा अटी आहेत. बाबासाहेब आंबेडकर शंभर वर्षांपूर्वी लंडनमध्ये एकीकडे अर्थशास्त्राची डॉक्टरेट आणि दुसरीकडे ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी एकदमच करत होते. आपल्या नियमांना तिथवर यायला एवढा वेळ लागला. आर्किटेक्चरवाल्यांना मात्र या सवलतीचा उपयोग जेमतेमच, कारण त्यांचा स्टुडिओ सकाळी सुरू होतो आणि रात्री कधी संपेल याचा भरवसा नसतो.

परदेशातली पद्धत वेगळी. तिथे दोन विभाग आपसात ठरवून घेतात, काही विषय दोन्हीकडे धरतात, त्यामुळे दोन पदव्या एकामागून एक करण्यापेक्षा मुदत कमी लागते. बर्कलेला आर्किटेक्चरबरोबर नगररचना, लँडस्केप किंवा स्ट्रक्चरल इंजिनिअरिंग घेता येते. मात्र प्रवेश दोन्ही विभागांनी द्यावा लागतो. मुदत कमी म्हणजे फी अर्धी नव्हे, हे मैत्रिणीच्या नवऱ्याचे म्हणणे बरोबरच आहे. ज्यांना एका दमात जमत नाही ते एकामागून एक करतात. पुण्यात सीडीएसए ही संस्था 1976 साली काढणारे ख्रिस्तोफर बेनिंजर हार्वर्डला आर्किटेक्चर आणि एमआयटीत नगरनियोजन शिकून इकडे आले, आणि 2024 मध्ये पुण्यातच वारले.

तिला शेवटी मी काय सांगितले? अर्ज कर. दोन्ही विभागांकडे कर. शिष्यवृत्तीचे पत्र हातात आल्याशिवाय कर्जाच्या कागदावर बाबांची सही मागू नकोस. आणि दुसरी पदवी नगररचनेचीच का, हे एकदा मला समजावून सांग, कारण जमिनीचा कायदा शिकावा असेही मला तिच्यासाठी वाटते. यावर ती म्हणाली, "मावशी, तू आईपेक्षा जास्त प्रश्न विचारतेस." तिची आई, म्हणजे आपली मैत्रीण, अजून 'एक काय ते धड' वर ठाम आहे आणि माझ्याशी जरा तुटक बोलते आहे. मेळाव्यात आम्ही शेजारी बसलेल्या दिसलो तर समेट झाला असे समजा.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि मी फराहबागेत जाणार आहोत. तिला महालाची मापे घ्यायची आहेत आणि तळ्यात पाणी कोणत्या बाजूने येत होते ते शोधायचे आहे. टेप ती आणणार, पोहे मी. ज्यांना यायचे असेल त्यांनी सात वाजता शाळेच्या फाटकाशी थांबावे. सायकलची सक्ती नाही.