चर्च, वाडा आणि सीमेवरची भाषा : आर्चनफील्डची साक्ष

इंग्लंडच्या हेरफर्डशायर परगण्याच्या दक्षिणेस, वाय व मॉनो या नद्यांच्या दरम्यान, आर्चनफील्ड नावाचा मुलूख आहे. लाल वालुकाश्मात बांधलेली तेथील जुनी चर्च आणि सरदारी वाडे पाहावयास जाणारा प्रवासी कमानींची घडण न्याहाळतो, थडग्यांवरील वंशावळी वाचतो. या वास्तूंत वावरणारी माणसे कोणती भाषा बोलत होती, हा प्रश्न मात्र त्याच्या मनात सहसा येत नाही. वास्तविक त्या प्रश्नावाचून या प्रदेशाचा इतिहास अर्धाच कळतो.

प्रदेशाचे नावच पाहावे. अरिकोनियम या रोमनकालीन वसाहतीच्या नावापासून वेल्शमध्ये ‘एर्गिंग’ झाले. इंग्रजांनी त्याला ‘फील्ड’ जोडून आर्चनफील्ड केले. गावांच्या नावांत हीच प्रक्रिया दोन परींनी दिसते. वेल्श ‘ल्लान’ म्हणजे चर्चभोवतालचे पवित्र आवार, आणि पुढे चर्चच. ‘हेन ल्लान’ म्हणजे जुने चर्च. त्याचे इंग्रजांच्या तोंडी ‘हेन्टलंड’ झाले, आणि आता कोणालाही त्यात ‘लँड’ हा इंग्रजी शब्द असल्याचा भास व्हावा! उलट मॉनोकाठच्या केंटचर्चचा केंट परगण्याशी काडीचाही संबंध नाही. केन या संताच्या ‘ल्लान’चे तेथे सरळ भाषांतर झाले आहे. पहिल्या नावात ध्वनी टिकला व अर्थ लोपला. दुसऱ्यात अर्थ टिकला व ध्वनी गेला. दोन्ही गोष्टी घडण्यास दोन भाषा दीर्घकाळ शेजारी नांदाव्या लागतात.

१०८६ च्या डूम्सडे पाहणीत आर्चनफील्डच्या वेल्श लोकांचे रिवाज स्वतंत्रपणे नोंदलेले आहेत. राजाचे सैन्य शत्रूवर चालून जाई तेव्हा हे लोक आघाडीस असत, परतताना पिछाडीस. त्याहून लक्षणीय नोंद तीन चर्चच्या धर्मोपदेशकांची आहे : राजाचे निरोप वेल्समध्ये पोहोचविणे हे त्यांचे कर्तव्य होते. दुभाषी म्हणून त्यांचा उल्लेख नसला, तरी त्यांना दोन्ही भाषा येत असल्याच पाहिजेत.

किल्पेकचे प्रख्यात चर्च साधारण ११४० चे. त्याचा दक्षिण दरवाजा आणि छताच्या कडेखालील पंच्याऐंशीच्या आसपास कोरीव शिल्पे पाहण्यास लोक दुरून येतात. दरवाजाच्या डाव्या स्तंभिकेवर वेलींत गुंतलेले, विजारी घातलेले योद्धे आहेत. त्यांना वेल्श ठरविण्याचा मोह काहींना होतो. पण विजारीवरून भाषा ठरत नाही. कागदोपत्री पुरावा अधिक भरवशाचा आहे. बाराव्या शतकातील लँडाफच्या ग्रंथात या स्थळाचे नाव ‘लान किल्पेडेक’ असे येते. त्यातील ‘किल’ म्हणजे कोपरा, आडोसा. शिवाय ११३४ मध्ये येथील नॉर्मन जहागीरदाराने ग्लॉस्टरच्या मठास जे चर्च दिले, ते वेल्सचा संत डेव्हिड याच्या नावाचे होते. मालक बदलले, शिल्पी नवे आले; संत मात्र जुन्या भाषेचाच राहिला.

केंटचर्च कोर्ट हा स्कडमोर घराण्याचा वाडा. जॉन नॅश या वास्तुशिल्पकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याचे रूप पालटले, तरी मध्ययुगीन भाग शिल्लक आहे. १४०० मध्ये इंग्रजी सत्तेविरुद्ध उठलेल्या ओवेन ग्लिंडूरची कन्या या घराण्यातील सर जॉनला दिली होती. वेल्श स्त्रीशी विवाह करणाऱ्या इंग्रजास अधिकारपद नाकारणारा कायदा १४०२ मध्ये झाला होता. त्याचा आधार घेऊन १४३३ मध्ये, म्हणजे बंड शमून बरीच वर्षे लोटल्यावर, सर जॉनचे हुद्दे काढून घेण्यात आले. सीमा वाड्याबाहेरील नदीतूनच नव्हे, तर वाड्यातील माजघरातूनही जात होती.

१५३६ च्या कायद्याने सीमेवरील जहागिऱ्या मोडून परगण्यांत घातल्या, आणि वेल्समधील न्यायालयांची भाषा इंग्रजी ठरविली. पुढे १५६३ मध्ये बायबलचे वेल्श भाषांतर करविण्याची जबाबदारी संसदेने पाच बिशपांवर टाकली. त्यांपैकी चार वेल्समधले, पाचवा हेरफर्डचा. त्याच्या धर्मप्रांतात आजच्या वेल्सचाही काही भाग होता हे खरे, पण आर्चनफील्डही त्यातच होते. भाषांतर चर्चमध्ये आल्यावर त्याच्या शेजारी इंग्रजी प्रतही ठेवावी, म्हणजे दोन्ही ताडून पाहता लोक इंग्रजी लवकर शिकतील, अशी त्या कायद्यात तरतूद होती.